दंडावर-मांड्यांवर बारीक खरखरीत पुटकुळ्या, घरच्या घरी काय करता येईल?

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं नीट सांगितलं तरच नीट उत्तर मिळेल म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला आणि मांड्यांवर बारीक बारीक पुटकुळ्या आहेत, अगदी शाळेत असल्यापासून. दुखत नाहीत, त्यात पू वगैरे नसतो, खाज क्वचित सुटते म्हणजे थंडी पडली की थोडीशी. पण हात फिरवला की खरखरीत लागतं आणि कायम अंगावर काटा आल्यासारखा दंड दिसतो. मधेमधे लालसर, तपकिरी ठिपकेही आहेत. आईच्या दंडावर असंच होतं, तिचं वयानुसार आता बरंच कमी झालंय.

सध्या मी रोज आंघोळीच्या वेळी लूफाने घासते आणि एक दाणेदार स्क्रबही वापरते. त्या दिवशी हात मऊ लागतो पण एक-दोन दिवसांत परत जैसे थे. नखाने एखादी पुटकुळी खरवडली तर पांढरा कडक कण निघतो आणि कधी कधी आतून गुंडाळी झालेला बारीक केस बाहेर येतो, आणि मग तिथे जो काळपट डाग पडतो तो काही केल्या जात नाही.

मला हे विचारायचंय की हे नक्की आहे काय, अस्वच्छतेमुळे होतं का (कारण लोक तोंडावर म्हणतात की नीट अंग घासत जा), आणि घरी काय लावावं? युरिया, लॅक्टिक ॲसिड, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल अशी इतकी नावं वाचली की डोकं गरगरायला लागलं. बिनबाह्यांचे कपडे घालणं मी सोडूनच दिलंय, त्यामुळे खरंच मनापासून विचारतेय. ज्यांना स्वतःला हा त्रास आहे त्यांनी जरूर लिहा.

पिंपळपान:
छत्रीताई, तुम्ही जे वर्णन केलंय ते ऐकून तरी केराटोसिस पिलॅरिस वाटतंय. पाहिल्याशिवाय खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही, पण दंडाची मागची बाजू, मांड्या, लहानपणापासून, दुखत नाही, पू नाही, आईलाही आहे, हे सगळं त्यातच बसतं. मला स्वतःला आहे, घरात आणखी दोघांना आहे, त्यामुळे या विषयावर बरंच वाचलंय आणि त्वचेच्या डॉक्टरांशीही बोलणं झालंय.

सगळ्यात आधी ते अस्वच्छतेचं डोक्यातून काढून टाका, अगदी कायमचं. हा मळ नाही. आपल्या कातडीचा वरचा थर केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, तेच प्रथिन केसात आणि नखात असतं. काही जणांच्या कातडीत केस जिथून बाहेर येतो त्या छिद्राच्या तोंडाशी हे केराटिन जरा जास्त साचतं आणि त्याचं बूच तयार होतं. तुम्हाला नखाने निघालेला पांढरा कण म्हणजे ते बूच, आणि त्याच्या मागे अडकलेला केस बाहेर येऊ न शकल्यामुळे आतच गुंडाळला जातो. दिवसातून तीनदा आंघोळ केली तरी ते बूच तयार व्हायचं थांबणार नाही, उलट कोरडेपणा वाढून जास्तच होईल. संसर्गजन्य नाही, कोणाचा टॉवेल वापरल्याने होत नाही, आणि खूप म्हणजे खूप लोकांना असतं. किशोरवयात निम्म्याहून जास्त मुलामुलींना आणि मोठ्या माणसांत साधारण 40 टक्क्यांना असतं असं सांगितलं जातं. बहुतेकांना त्याचं नाव माहीत नसतं एवढंच. घराण्यात चालत येतं, कोरड्या कातडीच्या आणि एक्झिमावाल्या (कातडी लाल होऊन खाजण्याचा आजार असलेल्या) लोकांत जास्त दिसतं, हिवाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं आणि बऱ्याच जणांचं तिशीनंतर आपोआप फिकं होत जातं. आईचं कमी झालंय म्हणालात ना, तसंच.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. घासणं बंद करा. लूफा, दाणेदार स्क्रब, टाचांची वजरी, सगळं. घासल्यावर त्या दिवशी मऊ लागतं ते खरंय, कारण बुचाचा वरचा भाग उडालेला असतो. पण खाली बूच तसंच असतं, आणि घासल्याने आजूबाजूची कातडी चिडते, सुजते, आणि चिडलेली कातडी स्वतःला वाचवायला अजून जाड थर बनवते. शिवाय सावळ्या आणि गव्हाळ रंगाच्या कातडीत जिथे जिथे सूज येते तिथे मागे तपकिरी डाग राहतो. तुम्हाला पुटकुळ्यांपेक्षा डागच जास्त दिसत असतील तर त्यातले बरेचसे खरवडण्याचे आणि घासण्याचे आहेत. नखं लावू नका, कितीही मोह झाला तरी. मला कळतं ते अवघड आहे, टीव्ही बघताना हात आपोआप दंडाकडे जातो. मी तेव्हा पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट घालून बसते.

मग करायचं काय, तर बूच मऊ करायचं आणि कातडीत पाणी धरून ठेवायचं. बस. बाकी सगळी नावं याच दोन कामांसाठी आहेत.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकायची. कढत पाण्याखाली उभं राहिलं की कातडीतलं नैसर्गिक तेल निघून जातं. साबण सगळ्या अंगाला रोज लावायची गरज नसते, काखा, जांघा, पाय एवढं पुरे, दंडाला नुसतं पाणी चालतं. लावायचाच असेल तर बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, कारण साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) 9-10 च्या घरात असतो आणि कातडीचा 5 च्या आसपास. अंग टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं. आणि कातडी अजून ओलसर आहे तोवर, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. हे ओलसर असतानाचं प्रकरण लोक फार हलक्यात घेतात. कोरड्या दंडावर तेच क्रीम लावून बघा आणि ओलसर दंडावर लावून बघा, एका आठवड्यात हाताला फरक कळतो.

आता क्रीम कोणतं. मी म्हणेन युरियापासून सुरुवात करा. 10 टक्क्यांपर्यंतचा युरिया मुख्यतः पाणी धरून ठेवतो, त्याच्या वर 20 टक्क्यांपर्यंत गेलं की केराटिन सैल करायचं कामही जोरात करतो. 40 टक्केवालं मिळतं ते जाड झालेली नखं आणि घट्टे यांच्यासाठी असतं, ते दंडाला लावू नका. दुसरा पर्याय लॅक्टिक ॲसिड, 5 ते 12 टक्के, लेबलवर अमोनियम लॅक्टेट 12 टक्के असं लिहिलेलं असेल तर तेही त्याच जातीचं. युरिया आणि लॅक्टिक ॲसिड हे दोन्ही आपल्या कातडीत मुळातच थोड्या प्रमाणात असतात, म्हणून ते बऱ्याच जणांना सहन होतात. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं त्यामुळे केसाच्या छिद्रात जरा आत शिरतं, पण कोरडंही जास्त करतं. 2015 मध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता, 50 जणांचा, त्यात 10 टक्के लॅक्टिक आणि 5 टक्के सॅलिसिलिक यांची तुलना केली होती. 12 आठवड्यांनी लॅक्टिकने पुटकुळ्या 66 टक्क्यांनी आणि सॅलिसिलिकने 52 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे दोन्ही चालतात, पण 12 आठवडे लागले हे लक्षात घ्या. लोक दहा दिवस लावतात आणि टाकून देतात. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायलाच चारेक आठवडे लागतात, त्याच्या आधी काय दिसणार?

एका वेळी एकच नवीन वस्तू आणा. आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर दोन-तीन दिवस लावून बघा. आणि किती लावायचं, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची एक रेघ काढा, तेवढं क्रीम आपल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एका दंडाला तेवढं भरपूर झालं. रात्री एकदाच लावा, चालेल.

शांत_वाचक:
पिंपळपान यांनी सगळंच लिहिलंय, एकच भर घालतो. ॲसिडवालं काहीही (लॅक्टिक, ग्लायकोलिक) लावत असाल तर उघड्या भागाला सनस्क्रीन लावाच, कातडी उन्हाला जास्त संवेदनशील होते आणि बंद केल्यावरही आठवडाभर तसं राहू शकतं. नाहीतर पुटकुळ्या गेल्या आणि डाग गडद झाले असं होतं. युरियाला हा प्रश्न नाही, म्हणून उन्हात काम करणाऱ्यांनी युरियाच घ्यावा असं मला वाटतं.

धुकट_सकाळ:
मी जरा वेगळं मत मांडते, राग मानू नका. घासणं पूर्ण बंद हे मला पटत नाही. मला पण दंडावर आहे, आणि मी आठवड्यातून एकदा मऊ कापडाने, अगदी बाळाचं अंग पुसतात त्या हाताने, आंघोळीच्या शेवटी गोल गोल फिरवते, तेही क्रीम लावायला लागून बरेच आठवडे झाल्यावर. तोवर बूच मऊ झालेलं असतं त्यामुळे जोर लावावाच लागत नाही, ते आपसूक निघतं. मला याचा फायदा होतो हे मी खात्रीने सांगू शकते. लूफा आणि दाणेदार स्क्रब मात्र मी पण नाही म्हणेन, त्या स्क्रबचे दाणे ओबडधोबड असतात आणि लूफा दिवसभर ओला लटकत राहतो, त्यात जंतू वाढतात ते वेगळंच.

पिंपळपान:
@धुकट_सकाळ, राग कसला, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आधी मऊ करून मग हलक्या हाताने मऊ कापड, हे ठीक. पण मी नव्या माणसाला ते सांगायला कचरते, कारण "हलक्या हाताने" म्हटलं की प्रत्येकाचा हात वेगळा असतो आणि जी व्यक्ती वर्षानुवर्षं जोरात घासत आलीये तिला हलकं म्हणजे किती हे कळायला वेळ लागतो. म्हणून आधी दोन महिने काहीच नाही, नुसतं क्रीम. मग वाटलं तर कापड. कातडी नंतर गुलाबी झाली तर समजायचं की जोर जास्त झाला.

रानवाट:
इथे सगळे केपी केपी म्हणतायत (केराटोसिस पिलॅरिसला लोक केपी म्हणतात), पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगणं फार गरजेचं वाटतं. प्रत्येक खरखरीत पुटकुळी म्हणजे केपी नाही. माझा भाऊ वर्षभर केपी समजून ॲसिड लावत बसला आणि ते निघालं फॉलिक्युलायटिस, म्हणजे केसाच्या मुळांना झालेला संसर्ग. म्हणून हे बघत जा.

पुटकुळीच्या टोकाला पिवळसर पू असेल, दुखत असेल, अचानक दोन-चार दिवसांत आली असेल तर ते बहुधा फॉलिक्युलायटिस. छाती, पाठ, खांद्यांवर सगळ्या एकसारख्या आकाराच्या, घाम आला की भयंकर खाजणाऱ्या असतील तर ते यीस्ट या बुरशीमुळे होणारं असू शकतं, त्याला ॲन्टिबायोटिकने फरक पडत नाही, वेगळं औषध लागतं. मोत्यासारखी गुळगुळीत आणि मधोमध खळी असलेली पुटकुळी, जी एकाची दोन, दोनाची चार होत पसरते, ती मोलस्कम नावाच्या विषाणूची असते आणि ती मात्र एकाची दुसऱ्याला होते. गोल चट्टा, कडेने खवलं उठलेलं आणि खाज, तर ते गजकर्ण. कोपर आणि गुडघ्यांवर जाड टोकदार पुटकुळ्या असतील आणि खाण्यापिण्याची आबाळ झालेली असेल, तर जीवनसत्त्वांची कमतरता, विशेषतः अ जीवनसत्त्वाची, तपासायला हवी. पण म्हणून कोणी उठून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका, ते शरीरात साठतं, जास्त झालं तर यकृताला त्रास होतो आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो.

आणि घरात पडलेली कुठलीशी खाजेची ट्यूब लावून बघणं हा प्रकार तर अजिबात नको. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस लाली कमी दिसते, पण महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरतं आणि डॉक्टरांना पण मग ओळखायला अवघड जातं. हे मी पोटतिडकीने सांगतोय.

निळी_छत्री:
बापरे, इतकी माहिती एका ठिकाणी कधीच मिळाली नव्हती. सगळ्यांचे खूप खूप आभार. अस्वच्छतेचं वाचून खरंच बरं वाटलं, इतकी वर्षं ते ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

रानवाट, मी तुमची यादी वाचून आरशासमोर भिंग घेऊन बसले. प्रत्येक पुटकुळीच्या मधोमध एक केसाचं छिद्र आहे आणि त्यावर पांढुरकं कडक टोपण, काही ठिकाणी कडेने लालसर गोल आहे, पू कुठेच नाही, खळी पण नाही. म्हणजे केपीच असावं.

आता उपप्रश्न. एक, युरियावालं क्रीम एका मैत्रिणीचं लावून बघितलं तर मांडीवर एका जागी चरचरलं, हे नॉर्मल का? दुसरं, मी हातापायांचे केस काढते, कधी रेझर कधी वॅक्स, ते बंद करायला हवं का? आणि रेटिनॉलबद्दल कोणी काहीच बोललं नाही.

पिंपळपान:
चरचर. जिथे कातडी फाटलेली, खरवडलेली किंवा नुकतीच रेझर फिरवलेली असेल तिथे युरिया आणि ॲसिड दोन्ही झोंबतात. मिनिट-दोन मिनिटांत थांबलं तर चिंता नाही. दहा-पंधरा मिनिटं जळजळत राहिलं किंवा लाल चट्टा उठला तर धुऊन टाका आणि आठवडाभर नुसतं साधं मॉइश्चरायझर लावा, जखमा भरू द्या, मग परत एक दिवसाआड सुरू करा. पेट्रोलियम जेलीला लोक नावं ठेवतात पण कातडीतलं पाणी उडू न देण्याच्या कामात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. खूप कोरडं असेल तर क्रीमवर जेलीचा अगदी पातळ थर द्या, रात्रीपुरता. चिकट वाटतं, जुने कपडे घाला.

केस काढण्याबद्दल वॅक्स करणाऱ्या कोणीतरी सांगावं, मला त्यातलं फारसं कळत नाही.

चांदणी:
मी सांगते, मी दोन्ही केलंय. केस काढल्याने केपी होत नाही, पण चिडतं मात्र नक्की. रेझर वापरायचा असेल तर आंघोळीच्या अगदी शेवटी, केस आणि कातडी दोन्ही मऊ झाल्यावर, जेल किंवा फोम लावून, केसाच्या दिशेनेच फिरव. उलट्या दिशेने गुळगुळीत होतं पण मग केस कातडीखाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो, आधीच बूच असलेल्या जागी तर हमखास. ब्लेड धारदार आणि नवीन हवं. त्या दिवशी रात्री ॲसिडवालं काही लावू नकोस, नुसतं साधं क्रीम, दुसऱ्या दिवसापासून परत नेहमीचं. वॅक्सच्या आधी साधारण आठवडाभर रेटिनॉल आणि ॲसिड बंद ठेवायचं, नाहीतर वॅक्सबरोबर वरची कातडी निघून येते आणि ते प्रकरण फार दुखतं, वर डाग राहतो तो वेगळाच. मी स्वतः आता ट्रिमर वापरते, तो कातडीला न लागता केस छोटे करतो, अगदी गुळगुळीत होत नाही पण पुटकुळ्या लाल होणं जवळजवळ थांबलं. जिथे केपी जास्त आहे तिथे मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो अगं.

शांत_वाचक:
रेटिनॉलबद्दल. रेटिनॉल आणि त्याच्या, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं (ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, टाझारोटीन, या सगळ्यांना रेटिनॉइड म्हणतात) बूच तयार होण्याची प्रक्रियाच सुधारतात, त्यामुळे केपीला उपयोगी पडतात. पण कातडी कोरडी करतात, सोलवटतात, आणि केपीवाल्याची कातडी आधीच कोरडी. माझ्या मते युरिया किंवा लॅक्टिक तीन महिने नियमित लावूनही समाधान झालं नाही तरच तिकडे वळावं आणि तेही डॉक्टरांना विचारून. एकाच रात्री ॲसिड आणि रेटिनॉइड दोन्ही लावू नका. आणि गरोदर असाल, किंवा मूल होण्याचा विचार चालू असेल तर रेटिनॉइड लावायचंच नाही, यात तडजोड नाही. सॅलिसिलिकही त्या काळात मोठ्या भागावर नको, ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनीही नको.

कोवळं_ऊन:
मधेच घुसतेय, माफ करा. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, तिच्या दोन्ही गालांवर आणि दंडांवर असंच बारीक खरखरीत आहे आणि गाल सतत लालसर दिसतात. घरात सगळे म्हणतात तोंड नीट धुवत नाही म्हणून. इथलं वाचून वाटलं केपी असेल. तिला युरिया लावू का?

पिंपळपान:
@कोवळं_ऊन, लहान मुलांच्या गालांवर केपी बऱ्याचदा असतं आणि मोठं होता होता गालावरचं पुष्कळदा कमी होतं. पण लहान मुलांच्या गालावर एक्झिमाही होतो आणि नुसत्या वर्णनावरून दोन्हींतला फरक सांगणं कठीण. खूप खाजवत असेल, रात्री झोपेत चोळत असेल, कोपराच्या किंवा गुडघ्याच्या आतल्या घडीत लाल ओलसर चट्टे असतील, तर एक्झिमाची शक्यता जास्त. म्हणून एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. तोवर ॲसिड, युरिया, रेटिनॉल यातलं काहीही स्वतःच्या मनाने लावू नका. सॅलिसिलिक तर लहान मुलांना मोठ्या भागावर मुळीच नाही, ते कातडीतून रक्तात जाऊ शकतं. बिनवासाचं साधं जाडसर मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, आंघोळीनंतर लगेच, आणि लाळ किंवा खाणं गालाला लागलं की रगडून न पुसता ओल्या मऊ कापडाने टिपायचं. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. आणि तिच्यासमोर गालांची चर्चा नका करू प्लीज. तीन वर्षांच्या मुलांना सगळं कळतं.

रानवाट:
बालरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा तिच्या भुवयांकडेही बघायला सांगा. भुवयांच्या बाहेरच्या टोकाकडे लालसर खरखरीत असेल आणि तिथले केस विरळ होत असतील तर तो केपीचा एक वेगळा प्रकार असू शकतो, त्यात केस कायमचे जाऊ शकतात, म्हणून लवकर दाखवलेलं बरं. तसंच मोठ्यांपैकी कोणाच्या नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी कोरडी कातडी असेल आणि तळहातावर रेषा नेहमीपेक्षा खूप जास्त, ठळक असतील, तर ते इक्थिओसिस व्हल्गॅरिस असू शकतं. केपी आणि ते बऱ्याचदा जोडीने असतात. 2006 मध्ये कळलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला की इक्थिओसिस होतो, आणि एक्झिमाचा धोकाही त्याच बिघाडाने वाढतो. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवायचं आणि पाणी धरायचं काम करतं. एकाच घरात कोणाला दमा, कोणाला एक्झिमा, कोणाला केपी असं का दिसतं ते यावरून थोडंफार कळतं.

निळी_छत्री:
रानवाट, तळहात बघितला, नॉर्मल वाटतोय :)

शेवटचं एक विचारते. समजा तीन महिने मी नियमाने केलं आणि फरक पडला, मग बंद करता येतं का? की आयुष्यभर? आणि जे डाग आधीच पडलेत त्यांचं काय?

पिंपळपान:
खरं सांगायचं तर पूर्ण बंद केलं की काही आठवड्यांत हळूहळू परत येतं, कारण तुमची कातडी ते बूच बनवायचं सोडत नाही. जाहिरातीत "कायमचं घालवा" लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका, कुठलंही क्रीम ते करू शकत नाही. पण रोजचं प्रमाण कमी मात्र करता येतं. मऊ झालं की ॲसिड किंवा जास्त टक्क्यांचा युरिया आठवड्यातून दोन-तीनदा, बाकीच्या दिवशी साधं मॉइश्चरायझर. मॉइश्चरायझर सोडायचं नाही, बास. हिवाळा लागायच्या आधीच परत रोज सुरू करायचं, खरखरीत झाल्यावर नाही. हीटर किंवा एसी दिवसभर चालू असलेल्या खोलीत बसत असाल तर हवा फार कोरडी होते, तिथे ह्युमिडिफायर असेल तर उत्तम. घट्ट, घासणारे कपडेही टाळा, जीन्स फार आवळ असली की मांड्यांवरचं नेमकं शिवणीच्या रेषेत वाढतं, स्वतःच बघा.

डागांना वेळ द्यावा लागतो. नवीन डाग पडायचे थांबले की जुने आपोआप फिके होत जातात, पण महिने लागतात, गडद कातडीत वर्षभरही. सनस्क्रीन आणि नखं दूर, हे दोनच मोठे उपाय. लॅक्टिक ॲसिडने थोडी मदत होते. डाग घालवायच्या नावाखाली मिळणारी गोरं करणारी क्रीम चुकूनही लावू नका, त्यातल्या काहींत स्टिरॉइड आणि पारा सापडलाय. लाली खूप असेल तर लेझरचा पर्याय डॉक्टरांकडे असतो, पण ती घरी करायची गोष्ट नाही आणि तोही कायमचा इलाज नाही.

धुकट_सकाळ:
लाली आणि पुटकुळ्या हे वेगवेगळं मोजा, मी पण हेच म्हणेन. पुटकुळ्या आधी मऊ होतात, हाताला कळतं, आरशात दिसत नाही. लाली सगळ्यात शेवटी जाते. त्यामुळे डोळ्यांनी बघून "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नकोस, डोळे मिटून हात फिरवून बघ. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवलास तर अजून चांगलं. रोज काढू नकोस, त्याने नुसता जीव खालीवर होतो. आणि एक सांगू, बिनबाह्यांचे कपडे आत्तापासूनच घाल, तीन महिने कशाला थांबायचं? जवळून बघणाऱ्यालाच दिसतं ते.

कोवळं_ऊन:
पिंपळपान आणि रानवाट, मनापासून धन्यवाद. या आठवड्यात दाखवतेय मुलीला. जाताना काही तयारी करून जायची का?

शांत_वाचक:
तिला आत्तापर्यंत जे जे लावलंय त्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, साबण आणि शाम्पूसुद्धा, नुसतं "पांढरं क्रीम" सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. जायच्या दिवशी सकाळपासून गालाला काहीही लावू नका, म्हणजे कातडी आहे तशी दिसेल. आणि ज्या दिवशी गाल सगळ्यात जास्त लाल असतील त्या दिवशीचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण दवाखान्यात जायच्या दिवशी नेमके ते फिकट दिसतात.